साडी माझी, पैसे यांच्या खात्यात

गिरगावातल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं काढून त्यातला मजकूर थोडक्यात देते.

वय एकेचाळीस, घर चाळीत. लॉकडाऊनमध्ये त्यांनी शिवलेल्या नऊवाऱ्या करायला घेतल्या. कापड मंगलदास मार्केटमधून आणतात, मशीन घरात आहे, सासूबाई फॉल लावतात आणि चाळीतल्या दोघी नगावर शिलाई करतात. आधी ओळखीपाळखीत साड्या जायच्या, मग व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्रामवरून ऑर्डरी येऊ लागल्या. गेल्या वर्षी विक्री सव्वानऊ लाखांवर गेली. पैसे बहुतेक यूपीआयने येतात, पण पतीच्या खात्यात, कारण क्यूआर कोड पहिल्यापासून त्यांच्या फोनवर होता. पती खासगी कंपनीत नोकरीला आहेत. वर्षाला पंचवीसेक साड्या इंदूर, बडोदा, गोव्याला कुरिअरने जातात. दादरचं एक बुटीक साड्या विकायला ठेवतं, ते आता जीएसटी नंबर मागतंय. बँकेत चालू खातं काढायला गेल्या, तर ‘फर्मचे कागद आणा’ म्हणून परत पाठवलं. एक एजंट १४,००० रुपयांत ‘फर्मचं पॅन, उद्यम, गुमास्ता, जीएसटी’ असं सगळं करून द्यायला तयार आहे. थोरले दीर म्हणतात, नंबर घेतला की नोटिसा मागे लागतात, चाललंय ते चालू दे. त्या विचारतात: “धंद्याचं वेगळं पॅन काढू का? की सगळं यांच्याच नावावर करून टाकू? आणि ताई, घरच्या शिवणकामाला खरंच एवढं सगळं लागतं का?”

उत्तर:

पत्रासोबत तुम्ही वहीच्या एका पानाचा फोटो पाठवलात. मी तिथूनच सुरुवात करते. ‘मोरपंखी, ठाण्याच्या काकू, १,८००, पैकी १,००० आले, फॉल आपला.’ खाली ‘राणी कलर, इंदूर, कुरिअर १४० वेगळे.’ त्याखाली लाल पेनाने ‘दादर ७ नग, पैसे नाही.’ तारखा आहेत, येणं आहे, बाकी आहे. गेली बावीस वर्षं मी लोकांची रिटर्न भरते. दुकानाला पाटी आहे, गल्ल्यावर माणूस बसलेला आहे, अशा कितीतरी जणांकडे मी असं एक पानही पाहिलेलं नाही. तेव्हा ‘घरचं शिवणकाम’ हा शब्द आधी बाजूला ठेवा. सव्वानऊ लाखांची विक्री आणि तीन बायकांच्या हाताला काम, याला व्यवसायच म्हणतात. कायदाही त्याला व्यवसायच म्हणतो.

आता पॅन. तुमच्या धंद्याला वेगळं पॅन नसतंच. काढू नका असं मी म्हणत नाही, ते मिळतच नाही. भागीदारी फर्मला स्वतःचं पॅन असतं, कंपनीला असतं. पण एका मालकाचा धंदा कायद्याच्या नजरेत मालकापेक्षा वेगळा नाही. दुकानाचं नाव काहीही ठेवा, मागे माणूस एकच, म्हणून पॅनही त्या माणसाचंच. तुमचं कार्ड हातात घेऊन बघा. दहा अक्षरा-आकड्यांतलं चौथं अक्षर इंग्रजी ‘पी’ असेल, म्हणजे व्यक्ती. कंपनीच्या कार्डावर तिथे ‘सी’ असतं, फर्मच्या कार्डावर ‘एफ’. पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर. तेच कार्ड तुमच्या धंद्याचं पॅन आहे, आणि ते इतकी वर्षं तुमच्या कपाटात आहे.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की पॅनवर माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं. खरी अडचण इथे आहे, आणि एजंटचं ‘नवीन पॅन’ मला याच कारणासाठी धोक्याचं वाटतं. पॅन असताना दुसरं काढलं तर एका माणसाकडे दोन पॅन होतात, आणि त्याला १०,००० रुपये दंड आहे. तुम्हाला हवी आहे ती नावातली दुरुस्ती. त्याचा वेगळा अर्ज असतो. दुरुस्तीनंतर कार्डावर नवं नाव येतं, नंबर मात्र तोच राहतो. पाचवं अक्षर माहेरच्या आडनावाचंच राहील, त्याची काळजी करू नका. लग्नानंतर नाव बदललेल्या कितीतरी बायकांच्या पॅनमध्ये ते तसंच असतं. सोबत आयकराच्या संकेतस्थळावर पॅन-आधार जोडणी झाली आहे का तेही बघा. जोडणीची मुदत ३० जून २०२३ ला संपली. राहिली असेल तर १,००० रुपये भरून करावी लागते, तोवर पॅन निष्क्रिय असतं. ही दोन कामं सगळ्यात आधी. पुढचा प्रत्येक अर्ज पॅन आणि आधारवरचं नाव ताडून बघतो, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

एजंटच्या बाकीच्या यादीकडे येते. उद्यम, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारकडे करायची नोंदणी, १ जुलै २०२० पासून आहे. ती पूर्ण मोफत आहे, सरकारी संकेतस्थळावर होते, कागद जोडावे लागत नाहीत. आधार, त्याला जोडलेला मोबाईल, पॅन, बँक खातं आणि काय काम करता एवढं लागतं. बसलात तर अर्ध्या तासाचं काम. मात्र सरकारी दिसणारी आणि पैसे मागणारी संकेतस्थळं पुष्कळ आहेत. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असेल तरच पुढे जा. एका पॅनवर उद्यम नंबर एकच मिळतो. पुढे ब्लाउजचे क्लास सुरू केलेत तर ते त्यातच जोडायचे.

गुमास्त्याचंही तसंच. लोक अजून ‘गुमास्ता लायसन’ म्हणतात, पण महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ मध्ये नवा आला. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर लायसन लागत नाही. धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची आणि त्याची पोचपावती छापून ठेवायची. तुमचे ६० दिवस केव्हाच उलटून गेले, हे खरं. म्हणून आणखी थांबू नका.

हे दोन कागद झाले की पुन्हा बँकेत जा. एकल मालकीच्या खात्यासाठी रिझर्व्ह बँकेचा नियम असा की मालकाची ओळख पटवायची आणि धंदा खरा असल्याचे दोन पुरावे द्यायचे. उद्यम प्रमाणपत्र आणि आस्थापना पोचपावती हे दोन्ही त्यात बसतात. जीएसटी हाही त्यातला एक पुरावा आहे, पण तो सक्तीचा नाही. काउंटरवरच्या मुलाला हे माहीत नसेल तर शांतपणे शाखा व्यवस्थापकांना भेटा. ‘फर्मचे कागद’ म्हणजे हेच, त्यापलीकडे काही नाही.

१४,००० रुपयांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मदतीचे पैसे घेण्यात गैर काही नाही. मीही घेते. पण जे मिळत नाही ते ‘फर्मचं पॅन’ आणि जे फुकट आहे ते उद्यम, या दोन्हीची किंमत लावणाऱ्या माणसाच्या हातात तुमचा आधारचा ओटीपी देऊ नका.

आता ज्या गोष्टीवरून मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे ती. ‘सगळं यांच्याच नावावर करू का’ हे तुम्ही सोय म्हणून विचारलंत. घरात कुणाच्याही मनात वाईट नाही, हे पत्रातून दिसतं. पण बघा काय होतं. तुमचे सव्वानऊ लाख त्यांच्या खात्यात, त्यांच्या पॅनखाली जमा होतात. आयकर खात्याला दिसतो तो एक नोकरदार माणूस, ज्याच्या पगाराशिवाय रोज पंधराशे-अठराशेच्या रकमा येतात आणि रिटर्नमध्ये त्यांचा पत्ता नाही. विचारणा झाली तर ती त्यांना होईल. त्यांनी ते आपलं उत्पन्न म्हणून दाखवलं, तर पगारावर चढून त्यांच्या सगळ्यात वरच्या दराने कर बसेल. तेच उत्पन्न तुमच्या नावावर असतं तर बहुधा एक रुपयाही कर नसता. आणि मेहनत तुमची असताना उत्पन्न त्यांचं म्हणून दाखवणं मुळात खरं नाही. कर कमावणाऱ्याच्या हातात बसतो, क्यूआर कोड कुणाच्या फोनवर आहे त्यावरून नव्हे.

दुसरी बाजू पैशाच्या हिशोबात येत नाही, पण मला ती जास्त टोचते. इतकी वर्षं धंदा करून तुमच्या नावावर एक रिटर्न नाही, खात्यात एक जमा नाही. उद्या दुसरी मशीन घ्यायला मुद्रा योजनेतून ५०,००० च्या वरचं, किशोर गटातलं कर्ज मागायला गेलात, तर बँक विचारेल, तुमची उलाढाल दाखवा. काय दाखवणार? मागे एक पापडवाल्या बाई माझ्याकडे आल्या होत्या. सोळा वर्षं धंदा, सगळा मुलाच्या खात्यातून. मुलगा परदेशी गेला, खातं गोठलं आणि स्वतःच्याच धंद्याच्या पैशासाठी त्यांना त्याच्या फोनची वाट बघत बसावं लागलं. मुलगा चांगला होता. खातं चुकीचं होतं.

म्हणून चालू खातं उघडेपर्यंत थांबूही नका. आज तुमच्या स्वतःच्या बचत खात्याचा क्यूआर काढा आणि गिऱ्हाइकांना तो पाठवा. चालू खातं झालं की तिकडे वळवा. मागच्या जमांसाठी यांच्या पासबुकावर बसून साडीची प्रत्येक जमा तुमच्या वहीतल्या नोंदीशी जुळवा आणि वेगळी यादी करा. कंटाळवाणं काम आहे, दोन-तीन रविवार जातील. पण कधी विचारणा झालीच, तर ती यादी आणि ही वही हाच तुमचा खुलासा. एक बारकावा त्यातच सांगते. यापुढे धंद्यासाठी यांच्याकडून पैसे घेतलेत तर ‘उसने’ म्हणून लिहा आणि खात्यावरून परत करा. नवऱ्याने बायकोला भांडवल बक्षीस दिलं, तर त्या प्रमाणात धंद्याचं उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. उसन्याला तो नियम लागत नाही.

दिरांची भीती मी उडवून लावणार नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून छोट्या दुकानदारांना खरंच नोटिसा पाठवल्या. कित्येकांनी धास्तीने क्यूआर कोड काढून ठेवले. पण त्या नोटिसा कुणाला आल्या ते दिरांना सांगा. ज्यांनी जीएसटी नंबर घेतला नव्हता आणि खात्यावरच्या जमा जीएसटी नोंदणीच्या मर्यादेबाहेर दिसत होत्या, त्यांना आल्या. खात्याला दिसतो तो जमेचा आकडा. ती जमा विक्रीची की भावाने पाठवलेली, कापडात किती गेलं, हे मालकाच्या कागदावरूनच कळतं. ‘चाललंय ते चालू दे’ यात कुणाचं संरक्षण होत नाही.

आता जीएसटी. इथे मात्र तुमचा प्रश्न तुम्हाला वाटतो त्यापेक्षा वेगळा आहे. सगळे तुम्हाला चाळीस लाखांचा आकडा सांगत असतील. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, हे बरोबर. पण तुम्ही गिऱ्हाइकाने आणलेली साडीही शिवून देता. ती झाली सेवा, आणि माल-सेवा दोन्ही असली की मर्यादा २० लाखांवर येते. तुमचे सव्वानऊ लाख त्याच्याही आतच आहेत. (दोन नावांनी धंदा केला तर उलाढाल वाटली जाईल, असं तुम्हाला कुणी सुचवलंय. पॅन एक असल्याने दोन्ही मिळूनच मोजतात. तो विचार सोडा.)

अडचण रकमेची नाही, कुरिअरची आहे. करपात्र माल राज्याबाहेर विकला, तर उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची होते. पुणे, नाशिक, कोल्हापूर कितीही पाठवा. इंदूर, बडोदा, गोवा मात्र पहिल्या साडीपासून. हे तुम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं असं दिसतं. घरून धंदा करणाऱ्या कितीतरी बायकांना हे माहीत नसतं, आणि इन्स्टाग्रामवर गिऱ्हाईक कुठल्या गावचं ते आपण निवडत नाही. सेवेला ही अट नाही. २० लाखांच्या आत असाल तर राज्याबाहेरच्या गिऱ्हाइकालाही नोंदणीशिवाय सेवा देता येते.

यातून दोन वाटा निघतात. एक, नोंदणी घ्यायची. नोंदणीला सरकारी फी नाही, पण एकदा घेतली की कर प्रत्येक विक्रीवर, अगदी शेजारच्या चाळीतल्या साडीवरही. तयार कपड्याला नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के, हे दर २२ सप्टेंबर २०२५ पासूनचे आहेत. म्हणजे ठाण्याच्या काकूंची १,८०० ची साडी १,८९० होते. ३,२०० ची पेशवाई घ्याल, तर ती तयार कपड्यात धरली गेल्यास ३,७७६. शिवलेली नऊवारी ‘साडी’ धरायची की ‘तयार कपडा’, यावर एका चांगल्या कर सल्लागाराकडून लेखी मत घ्या. तुमच्या महागड्या साड्यांचं गणित त्या एका शब्दावर आहे. कापडावर भरलेला कर वजा मिळतो, पण त्यासाठी पक्कं बिल लागतं, आणि मंगलदासमध्ये तुम्ही चिठ्ठीवर माल उचलता असं पानावरून दिसतंय. रिटर्न तिमाही भरता येतात, पण चुकवता येत नाहीत. विक्री शून्य असली तरी उशिराचे दिवसाला २० रुपये. कुणी म्हणेल, मग कंपोझिशन घ्या, विक्रीच्या १ टक्का भरून मोकळ्या व्हा. त्या योजनेत राज्याबाहेर माल पाठवता येत नाही, म्हणजे ज्यासाठी नोंदणी घ्यायची तेच बंद.

दुसरी वाट, राज्याबाहेरची तयार साडी थांबवायची. इंदूरच्या ताईंना सांगायचं, ‘साडी तुमची पाठवा, मी शिवून परत पाठवते.’ मग तुम्ही विकता ती शिलाई. बिलात ‘नऊवारी शिलाई, साडी गिऱ्हाइकाची’ असं स्वच्छ लिहायचं, आणि खरंच तसंच असायला हवं. कागदावर शिलाई आणि पाकिटात आपलं कापड, हे नको. कुणी गिरगावात येऊन स्वतः साडी घेऊन गेलं, तर ती इथलीच विक्री.

मी तुमच्या जागी असते तर यंदा दुसरी वाट धरली असती. पाचशेच्या घरातल्या साड्यांपैकी पंचवीस बाहेर जातात. त्या पंचवीससाठी उरलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांचा भाव वाढवणं आणि वर्षभर रिटर्न सांभाळणं आज परवडणारं नाही. एक पाडवा जाऊ द्या. बाहेरच्या ऑर्डरी शंभराच्या घरात गेल्या, किंवा दादरसारखी चार बुटिकं आली, तर नोंदणी घ्या आणि अभिमानाने घ्या. आधी पाठवलेल्या पार्सलांचं काय, हे त्या सल्लागाराला याद्यांसकट मोकळेपणाने विचारा. रक्कम छोटी आहे तोवरच हे विचारणं सोपं असतं. आणि नोंदणी नसताना बिलावर ‘जीएसटी’ म्हणून एक पैसाही लावू नका. तो हक्क नोंदणीनंतरच येतो.

नंबर घ्यायची वेळ येईल तेव्हा तो बघून गंमत वाटेल. पंधरा अक्षरांतली पहिली दोन २७, म्हणजे महाराष्ट्र. पुढची दहा म्हणजे तुमचं पॅन, जसंच्या तसं. कपाटातलं तेच कार्ड. मात्र त्या वेळी जागेचा पुरावा लागेल, आणि तुम्ही लिहिता की बेस्टचं लाईट बिल अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, ते जाऊन सहा वर्षं झाली. गिरगाव-परळच्या जुन्या घरांत ही गोष्ट घरोघरी असते आणि अर्ज नेमका तिथे लटकतो. पागडीची भाडेपावती आणि मीटर सासूबाईंच्या नावावर करून घ्या, मग त्यांचं संमतिपत्र जोडता येईल. हे काम नोंदणी घ्यायची नसली तरी आजच सुरू करा, कारण त्याला वेळ लागतो.

आयकराचं सोपं आहे. दोन कोटींच्या आतल्या छोट्या धंद्याला अंदाजित उत्पन्नाची पद्धत आहे: खात्यावर आलेल्या विक्रीच्या किमान ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के नफा धरायचा, तपशीलवार हिशोबपुस्तकं ठेवायची सक्ती नाही, फॉर्म ‘सुगम’. लोक याला ४४ एडी म्हणतात. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा आयकर कायदा आला, त्यात कलमांचे आकडे बदलले, पद्धत राहिली. सगळे सव्वानऊ लाख खात्यावर आले तर ६ टक्क्यांनी ५५,५०० होतात. पण हा किमान आकडा आहे. तुमच्या हातात खरे अडीच-तीन लाख उरत असतील तर तेच दाखवा. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत करच नाही, आणि सवलत धरून १२ लाखांपर्यंत धंद्याच्या उत्पन्नावर भरावा लागत नाही. मग कमी दाखवून मिळवायचं काय? उलट कर्जाच्या वेळी बँक तोच आकडा बघते. कर शून्य असला तरी दरवर्षी मुदतीत रिटर्न भरा. तुमच्या नावाचा तो पहिला कागद असेल.

एक कर एजंटच्या यादीत नव्हता. महाराष्ट्रात स्वतःचा धंदा करणाऱ्याला व्यवसाय कर भरावा लागतो, वर्षाला २,५०० रुपये, आणि त्यासाठी नावनोंदणी करावी लागते. नोकरदारांचा पगारातून कापतात, आपला आपणच भरायचा, म्हणून तो हटकून विसरला जातो. शिलाई करणाऱ्या दोघींसाठी तुम्हाला काही कापायचं नाही. टॅन नावाचा नंबरही लागत नाही, कारण तुमच्या उलाढालीत मुळात टीडीएस कापायची जबाबदारी येत नाही. त्यांना दिलेले पैसे मात्र तारखेसह लिहा आणि सही घ्या.

राहिलं दादरचं बुटीक. त्यांना सरळ सांगा: उलाढाल मर्यादेच्या आत आहे, नोंदणी लागत नाही, साधं बिल देईन. त्यांना कराची वजावट मिळणार नाही, पण कर तुम्ही लावणारही नाही. त्यांच्या दृष्टीने फार फरक पडत नाही, आणि पडलाच तर तो मोकळेपणाने बोलता येतो. बिलावर तुमचं नाव, दुकानाचं नाव, अनुक्रमांक, तारीख, पॅन आणि उद्यम नंबर छापा. उद्यम नोंदणी झालेल्या उत्पादकाचे पैसे लेखी कराराने ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवेत, असं २००६ चा सूक्ष्म-लघु उद्योगांचा कायदा सांगतो, आणि उशीर झाला तर व्याज लागतं. मात्र त्याचा आधार नोंदणीनंतर दिलेल्या मालालाच घेता येतो. म्हणून उद्यम याच आठवड्यात करा आणि पुढचा माल बिलासोबतच द्या. लाल पेनाने लिहिलेल्या त्या सात साड्यांचे पैसे मात्र कायद्याची वाट न बघता सोमवारीच फोन करून मागा, तुमच्या स्वतःच्या क्यूआरवर.